वीस गुंठ्यांतलं मोहोळ

सकाळी आठला ऊन वाफ्यांत उतरायचं आणि नंदा, तिचा नवरा समाधान आणि सासू मुक्ताई तिघं कांद्यात शिरायची. कांद्याला कमरेइतके डेंगळे आले होते आणि प्रत्येक डेंगळ्याच्या शेंड्याला पांढऱ्या फुलांचा गच्च गोंडा. एका गोंड्यावरून तळहात फिरवायचा, मग तोच हात दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. या फुलातली भुकटी त्या फुलात जावी म्हणून. हे काम खरं माशीचं. पण माशीच येईना, म्हणून माणसं माशी झाली होती.

"दाबू नगंस," मुक्ताई म्हणाली. "लेकराच्या टाळूवरनं फिरवत्यात तसा फिरव."

"आत्याबाई, सहा हजार लेकरं हायेत. हात खांद्यापासनं उतरल आता."

"मग उतरू दे. दुसरा हाय की."

मुक्ताईचं हे असं होतं. पासष्टी उलटली होती, पाठ वाकली होती, पण वाकण्याचाही तिला फायदाच वाटायचा. गोंडे तोंडासमोर येतात म्हणायची.

वारज्याच्या अंगाला, हायवे आणि नदी यांच्या मधे हे वीस गुंठे रान शिल्लक राहिलं होतं. तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला लग्नाचं लॉन्स. आठ गुंठ्यांत बियाण्याचा कांदा, उरलेल्यात मेथी-कोथिंबीर. कांदा मुक्ताईच्या घरचा होता. लाल, तिखट आणि टिकायला असा की दिवाळीपर्यंत मोड फुटत नसे. त्याचं बी दरसाल धरावं लागायचं, कारण कांद्याचं बी म्हातारं झालं की उगवत नाही. आणि दोन वर्षं झाली, गोंडे नुसतेच फुलत होते आणि वाळून पोचट होत होते. पलीकडच्या इमारतींवरची आग्या मोहोळं धूर करून जाळली, तेव्हापासून ही कळा. यंदा लावलेले कांदे शेवटचे होते. यांच्यात बी भरलं नाही तर तो कांदा जगातून गेला.

आणि रानही गेलं. समाधानचा थोरला भाऊ संभाजी मार्केट यार्डात टेम्पोच्या धंद्यात होता. माणूस वाईट नव्हता, पण मोकळी जागा दिसली की त्याला तिथे गाड्या लावलेल्या दिसायच्या. लॉन्सवाल्याला पार्किंगला जागा हवी होती. संक्रांतीला दोघा भावांची चांगली जुंपली.

"पोचट गोंडं गोंजारत बसायला रान ठेवायचं का?" संभाजी म्हणाला होता.

मुक्ताईनं दोघांच्या मधे बसून निकाल दिला. "यंदा बी भरलं तर रान ऱ्हाईल. न्हाई भरलं तर अक्षय तृतीयेला लॉन्सवाल्याला ताबा दे. मग मी तोंड उघडायची न्हाई."

म्हातारीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून समाधानला झोप नव्हती आणि नंदाच्या हाताला विसावा नव्हता.

दहा वाजले की नंदा हात धुऊन शाळेत जायची. नाल्यापलीकडे महापालिकेची शाळा होती, तिथे ती कंत्राटी मदतनीस. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा द्यायची. तिची मुलगी अपेक्षा तिथेच आठवीत होती. शाळेत करंजाच्या झाडाखाली मधमाश्यांची पेटी होती आणि विज्ञानाचे सौरभ सर दर शनिवारी मुलांना जाळीच्या टोप्या घालून ती उघडून दाखवायचे. नंदाला टोपी नव्हती. ती माश्यांना पाणी ठेवायच्या निमित्तानं पाच हातांवर उभी राहायची.

"मावशी, लांब उभ्या राहा," मुलं म्हणायची.

नंदा एक पाऊल मागे सरकायची आणि कान पुढे ठेवायची. राणी एकच असते, कामकरी हजारो असतात, नर आयतं खातात. नर आयतं खातात हे सरांनी सांगितल्यावर तिला हसू आवरलं नाही आणि सरांनाही. पेटीत गर्दी झाली की माश्या नव्या राणीसाठी घरं बांधतात, ती पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबतात. मग जुनी राणी अर्धं कुटुंब घेऊन उठते आणि घर नव्या राणीला सोडून जाते.

"जुनी जाते?" नंदानं न राहवून विचारलं होतं.

"जुनीच जाते. भरलेलं घर लेकीला."

हे ऐकून नंदाच्या डोक्यात दिवसभर पेटीच घोळत होती. मग तिनं धीर करून विचारलं, "सर, पेटी आमच्या रानात ठिवली तर? नाल्यापल्याड तर हाय. कांद्याला फुलं आलीत, माशी न्हाई."

सर हळहळले. "दाराशी शेवगा फुललेला असताना इथल्या माश्या कांद्यापर्यंत येत नाहीत, खरं आहे. पण जवळ आहे हीच अडचण आहे, मावशी. माशीला घराचा पत्ता पाठ असतो. पेटी तुमच्या रानात नेली तर माश्या फुलांवरून परत इथेच येतील, करंजाखाली, आणि घर शोधत मरतील. आधी लांब गावाला नेऊन काही आठवडे ठेवावी लागेल. तोवर तुमची फुलं वाळतील."

असं ते दार बंद झालं. त्यात सरांना मतदार याद्यांची ड्युटी लागली. महापालिकेच्या शिक्षकाला शिकवणं सोडून सगळी कामं येतात असं मानणारे लोक सरकारात पुष्कळ आहेत. सर दारोदार फिरू लागले आणि पेटी नंदावर आली.

पेटीशेजारच्या फळ्यावर पावसाळ्यात लिहिलेलं होतं: दर सोमवारी साखरपाणी – नंदा मावशी. खाली मुख्याध्यापिका भाग्यश्री बाईंची सही. पावसात फुलं नसतात म्हणून माश्यांना साखरपाणी द्यायचं असतं. आता माघ होता, करंज फुलायला आला होता, गावभर शेवगा पांढरा झाला होता. पण फळा कुणी पुसला नव्हता आणि सहीखालचं मोडायचं नसतं हे नंदा दोन वर्षांत शिकली होती. ती दर सोमवारी वाटी भरत राहिली. माश्या बाहेरूनही आणत होत्या आणि घरातही मिळत होतं. पेटी ओसंडून चालली.

सर ड्युटीवर गेल्यापासूनच्या तिसऱ्या सोमवारी तिनं झाकण उचललं आणि चौकटीच्या खाली शेंगदाणे लोंबताना दिसले. एक, दोन, सात. ती तशीच बाईंकडे धावली.

"बाई, राणीची घरं बांधलीत. माश्या उठणार."

"सर आल्यावर बघतील," बाई कागदातून मान वर न काढता म्हणाल्या. "तुम्हाला कुणी उघडायला सांगितलं होतं? झाडलोट झाली का?"

नंदा झाडू घेऊन मागे फिरली. मागून कुणी शिपाई हसला. तिनं व्हरांडा झाडला.

गुरुवारी सकाळी अकराला पेटीतून आवाज आला. चक्कीचा पट्टा सुटावा तसा घुमारा. मग दारातून माश्या ओघळायला लागल्या, नुसत्या ओतल्यासारख्या, आणि बघता बघता करंजावरचं आभाळ तपकिरी झालं. मुलं ओरडत वर्गांत पळाली. शिपायानं खिचडीची परात वाजवायला सुरुवात केली. परात वाजवली की मोहोळ खाली बसतं म्हणतात. बाईंनी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. नंदा अंगणात उभी राहिली. ही करणी आपल्या वाटीची, हे तिला तेव्हाच कळलं. भरल्या घराला आपण जादा वाढत बसलो.

मोहोळ भिंत ओलांडून शेजारच्या सोसायटीत गेलं आणि शेवग्याच्या फांदीवर बसलं. दुधाच्या किटलीएवढा घोस, जिवंत, हलणारा.

"आई, चल!" अपेक्षा वर्गातून धावत आली होती. "सोसायटीच्या चेअरमन काकांनी औषध मारणाऱ्याला फोन केलाय. अर्ध्या तासात येतोय."

नंदाची पावलं उठली आणि मधेच थांबली. ती त्या घोसाकडे बघत राहिली.

"अपे," ती म्हणाली, "ह्यांनी घर सोडलंय."

"हो. मग?"

"मग जुना पत्ता ह्यांच्या डोस्क्यात ऱ्हायला का? आता जिथं बसवू तिथंच ह्यांचं घर. सरांना फोन लाव."

सर कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात होते. त्यांनी ऐकलं आणि जिन्यातच ओरडले, "बरोबर आहे! नवं घर मिळालं की नवा पत्ता शिकतात. मावशी, उचला! आत्ता त्यांची पोटं मधानं भरलेली आहेत, राखायला घर नाही, सहसा चावणार नाहीत. फक्त राणी आत गेली पाहिजे. राणी जिथे, तिथे सगळ्या."

"सर, चूक माझी हाय. मी साखरपाणी देत ऱ्हायले."

"फळा मी पुसायला हवा होता. जा आधी!"

सोसायटीच्या फाटकात चेअरमन उभे होते. पांढरा लेंगा, हातात छत्री. माश्यांना छत्री दाखवायचा विचार असावा.

"या," ते म्हणाले. "माश्या तुमच्या का? आमच्याकडे पाहुण्यांना वहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. यांनी थेट पार्किंग गाठलं."

"साहेब, मी काढते. औषध मारू नका. पंधरा मिनिटं द्या."

"जाळीची टोपी?"

"न्हाई."

"हातमोजे?"

"न्हाई."

"विमा?" चेअरमननी विचारलं आणि वहीकडे बोट दाखवलं. "तुम्ही तरी नाव लिहा. वेळही लिहा. शिडी वॉचमनकडे आहे, परत द्यायची."

नंदानं नाव लिहिलं. तोवर अपेक्षानं फोन केल्यावर समाधान पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेऊन पळत आला होता, पायाला रानातला चिखल तसाच. नंदानं पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि शिडी चढली. घोस तोंडापासून हातभर होता. त्याची ऊब गालाला लागत होती आणि मधाचा, मेणाचा वास येत होता. तिनं खोकं खाली धरलं.

"हाणा हिसका."

समाधाननं फांदी हिसडली. शेवग्याचंच लाकूड ते, कडकन बोललं. अर्धा घोस खोक्यात थपकन पडला, उरलेला भणाणून उठला. एक माशी तिच्या पापणीला डसली. डोळ्यातून पाणी आलं तरी तिनं खोकं सोडलं नाही. पण बघते तर खोक्यातल्या माश्या परत फांदीकडे निघाल्या.

"राणी वरच आहे!" खालून अपेक्षा ओरडली. "आई, राणी फांदीवरच आहे!"

फाटकातून औषधवाला आत आला, पाठीवर पंप. चेअरमननी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं उरलीत," ते म्हणाले.

फांदीला पुन्हा हिसका दिला असता तर ती मोडून डोक्यात आली असती. नंदानं खोकं एका हातात घेतलं आणि दुसरा उघडा हात फांदीवरच्या झुंबरात घातला. घाई केली नाही. महिनाभर रोज सकाळी गोंड्यांवरून फिरवलेला हात होता तो. किती हलकं धरायचं हे त्याला ठाऊक होतं. मनगटापर्यंत माश्या चढल्या. मऊ, गरम, वळवळत्या. पसाभर गठ्ठा फांदीपासून सुटला आणि तिनं तो खोक्यात उतरवला. परत हात वर नेला, परत एक पसा.

मग खोकं जमिनीवर ठेवून सगळे लांब झाले. बराच वेळ काही होईना. औषधवाल्यानं पंपाचा दांडा चाचपला. तेवढ्यात खोक्याच्या तोंडावर दहा-बारा माश्या ओळीनं उभ्या राहिल्या, शेपट्या वर केल्या आणि उभ्या जागी पंख मारायला लागल्या.

"बोलावतायत!" अपेक्षा नाचायलाच लागली. "राणी आत गेली! सरांनी सांगितलं होतं, वास सोडून बोलावतात!"

हवेतल्या माश्या खाली यायला लागल्या. खोक्याच्या कडेवर बसून चालत चालत आत जायला लागल्या, जशी पंगतीला माणसं जातात. नंदाचा एक डोळा सुजून बंद झाला होता. उरलेल्या एका डोळ्यानं ती ते बघत होती आणि तिचा आनंद छातीत मावत नव्हता.

"मी आता काय मारू?" औषधवाल्यानं विचारलं.

"माश्या गेल्या, आता तुम्ही जा," चेअरमन म्हणाले. मग नंदाकडे वळले. "पुढच्या वेळी येण्याआधी फोन करायला सांगा त्यांना." आणि आत जाऊन त्यांनी तिच्या डोळ्याला लावायला स्वतःच्या हातानं बर्फ आणून दिला.

खोकं शाळेच्या फाटकाशी आलं तेव्हा भाग्यश्री बाई वाट अडवून उभ्या होत्या.

"माश्या शाळेच्या आहेत. बाहेर कुठे नेता?"

नंदा करंजाखाली गेली आणि तिनं पेटीचं झाकण उचललं. आत माश्या होत्या. निम्म्याच, पण आपापल्या कामाला लागलेल्या. शेंगदाणे जागेवर होते.

बाईंनी लांबूनच वाकून बघितलं. "म्हणजे आमची पेटी भरलेलीच आहे?"

"नवी राणी यायची हाय, बाई. चार-आठ दिवसांत."

"सोमवारी तुम्ही हेच सांगायला आला होतात ना?"

"होय."

मोठ्या पदाच्या माणसाला चूक गिळायला वेळ लागतो, पण त्यांनी गिळली. "मी ऐकायला हवं होतं. पेटी आमची. झाडावर काय बसलं होतं ते मला माहीत नाही. अजून काही लागतं का?"

अपेक्षानं फोन पुढे केला. नव्या घरात माश्या टिकाव्या म्हणून अंडी-पिल्लांची एक चौकट द्या, पिल्लं सोडून त्या सहसा जात नाहीत, असं सर म्हणत होते. बाईंनी मान हलवली. अपेक्षानं टोपी घातली आणि राणीघरं नसलेली चौकट निवडून अलगद उचलली.

समाधाननं दुपारी लॉन्सच्या मागे टाकलेल्या प्लायची पेटी ठोकली. मापं अपेक्षाच्या वहीत होती. त्याला एकदा अंगठ्यावर हातोडा बसला, एकदा मापात अर्धा इंच चूक झाली आणि अपेक्षानं बापाला फळी पुन्हा कापायला लावली.

"अगं, अर्धा इंच म्हंजे काय?"

"माशीला रस्त्यापुरतीच फट लागते पप्पा. जास्त जागा सोडली की तिथे भलतंच पोळं बांधतात. परत काप."

माश्या खोक्यातून पेटीत उतरवल्या आणि दिवस कलताना पेटी रानात, बांधाच्या चिंचेखाली गेली. मुक्ताईनं हळद-कुंकू आणलं, पण अपेक्षानं पेटीला लावू दिलं नाही म्हणून ते चिंचेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळे श्वास धरून होते. माश्या पेटीसमोर नुसत्या घिरट्या घालत होत्या, तोंड घराकडे करून, लहान वर्तुळं, मग मोठी.

"जात्यात का काय गं?" मुक्ताईनं विचारलं.

"न्हाई आत्याबाई. पत्ता पाठ करत्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ऊन वाफ्यांत उतरलं. नंदानं सवयीनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. त्या गोंड्यावर माशी होती. शेजारच्या गोंड्यावर दोन होत्या. सगळ्या आठ गुंठ्यांतून बारीक गुणगुण येत होती.

"सरा बाजूला," मुक्ताई लेकाला आणि सुनेला म्हणाली. "कामकरी आल्यात कामाला." आणि ती बांधावर बसली ती त्या हंगामात पुन्हा वाफ्यात शिरली नाही.

चैत्रात गोंडे वाळले. नंदानं ते कापले, खळ्यावर पसरले, काठीनं झोडले, सुपानं पाखडले. ऊन असं होतं की मान भाजून काळी पडली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी संभाजी त्याच्या नव्या गाडीतून आला. लॉन्सवाल्याला उद्या काय सांगायचं ते ठरवायला आला होता.

"दिसाया काळं दिसतंय," तो बियाची चिमूट चोळत म्हणाला. "गेल्या साली बी काळंच दिसत हुतं."

"मग बघ," मुक्ताई म्हणाली. "समाधान, घंगाळ आण."

घंगाळ पाण्यानं भरलं. पोचट बी पाण्यावर तरंगतं, भरलेलं बुडतं. याच्यापुढे कुणाचा वाद चालत नाही. मुक्ताईनं संभाजीलाच ओंजळ भरायला लावली. "तुझ्याच हातानं टाक. मागनं कुणाला बोलायला नगं."

संभाजीनं ओंजळ सोडली. समाधाननं डोळे मिटले. अपेक्षानं आईचा दंड घट्ट धरला.

पाण्यावर थोडा कोंडा तरंगला. बाकी सगळं खाली गेलं. सरळ, जड, घंगाळाचा तळ झाकेपर्यंत.

संभाजीनं बाही वर केली, कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळलं. बी वर आलं, गरगरलं आणि परत बुडालं. त्यानं दुसऱ्या ढिगातली ओंजळ टाकली. तीही बुडाली. तिसरी त्यानं हट्टानं अगदी कडेच्या गोंड्यांची टाकली. बुडाली.

संभाजी ओल्या हातानंच फोन काढून उभा राहिला.

"शेठ, न्हाई जमायचं," तो म्हणाला. "न्हाई, दराचं न्हाई. रान मोकळं न्हाई. पीक हाय आमचं त्यात." तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "अवो, आमचं म्हंजे आमचं! आईचा कांदा हाय." आणि त्यानं फोन बंद केला.

नंदाला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही. मुक्ताई मात्र घंगाळातलं बी उपसून फडक्यावर वाळत घालायला लागली होती, कारण भिजलेलं बी वाया जातं.

संभाजीनं घसा खाकरला. आजवर या रानाचं काहीही विचारायचं तर तो आईला विचारायचा, फार तर भावाला. आज तो नंदाकडे वळला.

"पुढल्या साली किती गुंठ्यांत लावायचा म्हनतेस?"

नंदानं पदरानं तोंड पुसलं. तिनं मेथीच्या वाफ्यांकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं.

"सगळ्या," ती म्हणाली. "वीसच्या वीस. आन् भाऊजी, गाडी तेवढी मागं घ्या. पेटीच्या दारात लावलीया, माश्यांना जाता येईना."

संभाजीनं वळून बघितलं. गाडीच्या काचेसमोर शंभर-दोनशे माश्या घिरट्या घालत खोळंबल्या होत्या. तो धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर ओढत, जरा घाबरतच, गाडीकडे गेला आणि गाडी पार रस्त्यापर्यंत मागे घेतली.